गोणपाटावरचे शंभर दाणे

मी शेतीचं शिक्षण घ्यायला गेले तेव्हा आमच्या घरात कुणाच्याच नावावर शेती नव्हती. प्रवेशाच्या वेळी सातबारा जोडला की जादा गुण मिळायचे. रांगेत माझ्या पुढच्या आणि मागच्या पोरांच्या फायलीत तो कागद होता, माझ्या नव्हता. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "सातबारा?" मी "नाही" म्हणाले. त्यांनी रकान्यात पेनानं एक आडवी रेघ मारली आणि पुढच्याला बोलावलं. एवढंच झालं, पण ती रेघ मी चार वर्षं मनात धरून बसले.

आमचं घर बौद्ध. आजोबा पैठणकडच्या एका गावात दुसऱ्याच्या रानात सालगडी होते. नांगरटीपासून मळणीपर्यंत सगळं त्यांच्या हातात होतं आणि त्यातलं काहीच त्यांचं नव्हतं. वडील शहरात आले, गारखेड्यात दोन खोल्यांचं घर झालं आणि शेती आमच्या बोलण्यातूनही गेली. मी सरकारी विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात नाव घालणार म्हटल्यावर वडील म्हणाले, "ज्यातून तुझा आजा सुटला, त्यात तू हौसेनं चाललीस." हसत म्हणाले, पण ती चेष्टा नव्हती.

मग मी हट्टाला पेटले. ज्यांच्या घरी जमीन आहे त्या सगळ्यांपेक्षा मला जास्त आलं पाहिजे, असं मी स्वतःला बजावलं. कीटकशास्त्राच्या तासाला जमवायच्या किडींची पेटी माझी सगळ्यात आधी भरली. पीक उत्पादनासाठी प्रत्येकाला एक लहानसा वाफा मिळायचा. माझ्या वाफ्यात तण औषधालाही सापडायचं नाही. मातीचे प्रकार, खतांच्या मात्रा, अळीच्या अवस्था मला झोपेतून उठवून विचारल्या तरी यायच्या. वर्गातली पोरं मला 'पुस्तकी शेतकरीण' म्हणायची. मला राग यायचा आणि खोटं कशाला बोलू, थोडं आवडायचंही.

सातव्या सत्रात सगळ्यांना गावात राहायला पाठवतात. वर्गात शिकलेलं शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन दाखवायचं, आणि त्यांचं आपण बघायचं, असा तो अभ्यास. या काळात मुलींना 'कृषिकन्या' म्हणतात. पांढरा कुर्ता, हिरवी ओढणी, गळ्यात ओळखपत्र आणि प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या मागे लावायला एक बॅनर. आम्ही पाच जणी होतो. गाव कन्नडच्या अलीकडचं, एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून पायी. शाळेची एक रिकामी खोली आम्हाला राहायला दिली होती. प्रत्येकीला एक शेतकरी कुटुंब नेमून दिलं होतं; त्यांच्याकडे रोज जायचं, त्यांच्या कामात हात घालायचा आणि शेवटी प्रमाणपत्राच्या अर्जावर त्यांची सही घ्यायची.

माझ्या वाट्याला आलेली शेतकरी बाई होती. वय चाळिशीच्या पुढचं, अंगानं काटक, बोलणं तुटक. मी तिला काकू म्हणायचे. नवरा वाळूजच्या एका कंपनीत ड्रायव्हर होता, पंधरवड्याला यायचा. त्यांचं तीन एकर रान गेली कितीतरी वर्षं तिचा धाकटा दीर बटईनं करत होता, म्हणजे राबणं त्याचं आणि पीक निम्मं-निम्मं. या वर्षी काकूनं नवऱ्याला सांगितलं होतं की रान मी करते. नवऱ्यानं होकार दिला, पण एक साल. नीट पिकलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा भावाकडे. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, जसं एखादी बाई घरात कुठे पाय जपून टाकायचा ते पाहुण्याला सांगते.

त्याच दिवशी तिनं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. गावाकडे आडनाव सांगितलं की बाकीचं विचारावं लागत नाही. तिनं चहा टाकला आणि घरातले ज्या कपातून पीत होते तसल्याच कपात मला दिला. मी कपाकडे बघितलं, आणि मी बघितलं हे तिनंही बघितलं. त्यावर आम्ही दोघी कधीच काही बोललो नाही.

घरात मागच्या वर्षीच्या सोयाबीनची चार पोती बियाण्यासाठी राखून ठेवलेली होती. दिराचं म्हणणं, सोंगणीच्या, म्हणजे पीक कापायच्या वेळी पावसात भिजलेलं बी आहे, ते पेरू नका, दुकानातून पिशव्या आणा. दीर वाईट माणूस नव्हता. सकाळी स्वतःचं रान बघून झालं की वहिनीच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि मनात येईल ते तोंडावर बोलायचा.

"वहिनी, बी काळं पडलंय. हातात घिऊन बघा की."

"आपल्या घरचं बी हाय, भावजी. दरसाल दुकानातून कामून आणायचं?"

"मंग उगवलं नाय तर मला म्हणू नका."

काकूनं माझ्याकडे बोट केलं. "ही कशाला आलीय? ही परीक्षा करून सांगंल. तिचा आकडा येईल तसं करू."

माझी छाती फुगली. तीन वर्षांत मला कुणी एवढं मोठं काम दिलं नव्हतं.

उगवण क्षमतेची चाचणी सोपी असते. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा असे शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी उलगडून किती दाण्यांना धडधाकट कोंब आले ते मोजायचं. सत्तरच्या वर आले तर नेहमीसारखं पेरायचं. सत्तरच्या खाली गेले तर एकरी बियाणं वाढवायचं. साठही भरले नाहीत तर ते बी पेरायचं नाही. बारावी झालेल्या मुलालाही जमेल असं काम आहे.

आम्ही ते काकूच्या ओट्यावर केलं. आजूबाजूच्या बायका आल्या, बॅनर लागलं, एक मैत्रीण मोबाइलवर फोटो काढायला उभी राहिली. मी चारही पोत्यांतून, वरचं, मधलं, तळाचं असं बी काढलं, एकत्र केलं, सूप मांडीवर घेतलं आणि बायकांना समजावत समजावत शंभर दाणे बाजूला काढून गोणपाटावर मांडले. माझं बोलणं त्या दिवशी फार छान होत होतं. बायका माना डोलावत होत्या. काकू दारातून बघत होती.

सातव्या दिवशी गोणपाट उलगडलं. शहाऐंशी कोंब. पांढरे, टपोरे, एकाच दिशेला वाकलेले. मी दोनदा मोजले, मग काकूनं मोजले, मग दिरानं. तो उठून उभा राहिला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "मंग पेरा." काकूनं तोंडाला पदर लावला, पण डोळ्यात हसू दिसत होतं. आमच्या सरांना, म्हणजे या कार्यक्रमाचे अधिकारी असलेल्या प्राध्यापकांना, मी फोटो पाठवला. त्यांनी तो वर्गाच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'उत्तम काम'. तो संदेश मी किती वेळा उघडून वाचला ते सांगायला आता लाज वाटते.

पाऊस पुरेसा झाल्यावर पेरणी झाली. ट्रॅक्टर दिराचाच होता. त्यानं आधी वहिनीचं रान पेरून दिलं, मग आपलं. मी काकूबरोबर बांधावरून चालत होते. तिनं पेरणीआधी यंत्राला हळद-कुंकू लावलं आणि पहिली मूठ स्वतःच्या हातानं यंत्रात टाकली. या घरात येऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण आपल्या रानात पहिली मूठ टाकायची ही पहिलीच वेळ, असं ती म्हणाली.

आठव्या दिवशी दिराच्या रानात हिरव्या रेघा सरळ उठल्या होत्या. काकूच्या रानात रेघा तुटलेल्या होत्या. चार रोपं, मग वीतभर मोकळं, मग दोन रोपं, मग हातभर मोकळं. मी एका तासाच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या, टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. मधे बसून माती उकरली. बी खोल गेलं नव्हतं. दाणे तिथंच होते, फुगलेले, मऊ, बोटानं दाबले की पिचणारे.

सर त्याच आठवड्यात गावाला भेट द्यायला आले. त्यांनी बांधावर उभं राहून रान बघितलं आणि म्हणाले, "पेरणीनंतर जोराचा पाऊस झालाय. जमिनीवर कडक पापुद्रा धरून कोंब अडले असणार. तसं लिहा." पण पापुद्रा धरला असता तर शेजारच्या रानातही धरला असता. तेवढं मलाही कळत होतं, आणि सरांनाही कळत असणार. दीर पलीकडे कमरेवर हात ठेवून उभा होता. सर गेल्यावर तो वहिनीला म्हणाला, "परीक्षा बराबर व्हती, बी बराबर व्हतं, पाऊस मला बी तेवढाच पडला. मंग राहिलं काय? रान करणारं माणूस राहिलं." काकू वाकून एक रोप नुसतीच चाचपत राहिली. तिच्या पाठीकडे बघून मला रडू फुटेल असं वाटलं, पण नक्की कशाचं ते मला अजून कळलेलं नव्हतं.

रविवारी एक दिवसासाठी मी घरी आले. पिशवीत पेरून उरलेल्या त्या सोयाबीनची दोन-तीन मुठींची पुडी होती. सोमवारी गावी परतताना कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाखवू, असा विचार होता. आई भात टाकून माझ्याजवळ येऊन बसली. आई गारखेड्यातल्या एका किराणा दुकानात धान्य निवडायला जाते, मी लहान असल्यापासून जाते. शाळा सुटली की मी तिच्या शेजारी बसून निवडायचे. गहू, तूर, मूग. काळा दाणा, सुरकुतलेला दाणा, किडका दाणा, खडा. डोळे कुठेही असले तरी बोटांना कळतं.

आईनं पुडी उघडून दाणे ताटात ओतले. "हे काय आणलंस?" एवढं म्हणाली आणि माझ्याशी बोलता बोलता तिचा हात चालू झाला. गावात जेवायला नीट मिळतं का, खोलीला आतून कडी आहे का, असं ती विचारत होती, आणि ताटात एका बाजूला गोल, पिवळे, घट्ट दाणे जमत होते, दुसऱ्या बाजूला काळपट, टरफल सुटलेले. मी तिच्या हाताकडे बघत होते. मग मला काकूचा ओटा दिसला, मांडीवरचं सूप दिसलं, आणि त्या सुपात फिरणारा माझा हात दिसला. तो असाच फिरत होता.

मी शंभर दाणे घेतले नव्हते. मी शंभर दाणे निवडले होते.

ही चाचणी करताना दाणे निवडून घ्यायचे नाहीत, जसे येतील तसे घ्यायचे, हे पहिल्या वर्षी शिकवतात. त्याच प्रश्नाला मला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते. उत्तरात मी 'यादृच्छिक नमुना' या शब्दाखाली पट्टीनं रेघ ओढली होती. डोक्याला सगळं माहीत होतं. हाताला कुणी सांगितलं नव्हतं. बोलण्याच्या नादात तो त्याचं लहानपणापासूनचं काम करत राहिला.

"ह्यातलं निम्मं तर टाकून द्यायच्या लायकीचं आहे," आई म्हणाली. "कुणी दिलं तुला?"

मी तिला सगळं सांगितलं. ती ताटावर हात तसाच ठेवून ऐकत राहिली. माझी आई खोटेपणाला कधी थारा देणारी नाही. दुकानदाराचा सांडलेला दाणाही ती परत पोत्यात टाकते. ती म्हणेल, जा आणि सांगून ये, अशी माझी खात्री होती.

ती म्हणाली, "सांगू नको."

"आई."

"सर म्हणाले ना पाऊस? मग पाऊस. पदवी हातात येऊ दे आधी. ते गाव त्यांचं आहे, रान त्यांचं आहे, सही त्यांची लागते. तू तिथं एकटी. आपल्या पोरीची चूक त्यांच्या पोरीच्या चुकीएवढी नसते बाई, ती मोठीच होते." मग तिनं ताटातले दोन्ही ढीग पुन्हा एकत्र केले, जणू काही झालंच नव्हतं. आईचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. तिनं जे भोगलं होतं त्यातूनच ती बोलत होती. पण मला त्या क्षणी ती परकी वाटली आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

सोमवारी मी प्रयोगशाळेत गेलेच नाही. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले. वाटभर मी दोन्ही बाजूंनी हिशेब मांडला. न सांगावं तर माझं काहीच बिघडत नव्हतं. बिघडणार होतं ते काकूचं. 'रान करणारं माणूस राहिलं', हे वाक्य नवऱ्याच्या कानावर जाणार होतं आणि एका सालातच रान तिच्या हातून जाणार होतं. चूक माझ्या नावावर लागली तर तिच्या नावावरची पुसली जाईल, असं मला वाटलं. आणि नावावर लावायचीच तर एवढी एक गोष्ट तरी माझ्या नावावर लागू दे, असंही एक वेडं मनात आलं.

काकू आणि तिचा दीर दोघंही बांधावरच होते. मी उभ्यानंच बोलून टाकलं.

"काकू, पावसाचा दोष नाही, तुमचाही नाही. चाचणीच चुकली. मी दाणे निवडून घेतले. चांगले तेवढेच गोणपाटावर मांडले. जसे हाताला येतील तसे घेतले असते तर साठही उगवले नसते आणि तुम्ही हे बी पेरलंच नसतं. चूक माझी आहे."

दीर म्हणाला, "म्हंजी परीक्षेतच खोट व्हती?"

"हो."

"बघा वहिनी. मी पहिल्यापासून काय म्हणत व्हतो? ज्यांनी जल्मात ढेकूळ फोडलं नाय, ज्यांच्या घरी..." तो मधेच थांबला. पुढचं वाक्य मला पाठ होतं. प्रवेशाच्या खिडकीतली आडवी रेघ तीच होती. मी मान खाली घातली नाही, एवढं मात्र मला आठवतं.

काकू म्हणाली, "तिच्यावर नका जाऊ, भावजी. मला ठावं व्हतं."

आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघितलं.

"मी दारातून बघत व्हते. ही चांगलं चांगलं उचलत व्हती. आमच्या आत्याबाई, म्हंजी सासूबाई, बियाची मूठ काढायच्या तव्हा डोळे मिटून काढायच्या. मला बी तसंच करायला लावायच्या. म्हणायच्या, बी काढताना बघायचं नाय, बघितलं की हात लबाडी करतो." तिनं माझ्याकडे बघून सांगितलं, दिराकडे नाही. "माझ्या जिभेवर आलं व्हतं. मंग वाटलं, शिकलेल्यांची रीत येगळी असंल. इतक्या बायांसमोर तुला कशाला टोकू? आन खरं सांगू का पोरी? मला बी आकडा मोठाच पायजे व्हता."

वाऱ्यानं दिराच्या रानातली पानं हलत होती. आमच्याकडे हलण्याएवढंही काही नव्हतं.

"मंग गलती कुणाची धरायची?" दिरानं विचारलं. या वेळी त्याचा आवाज खाली आला होता.

"रान माझ्या जिम्म्यावर व्हतं," काकू म्हणाली. "माझी."

मी तिला सोडवायला गेले होते आणि तिनं स्वतःहून ओझं परत उचललं. ती एवढंच म्हणाली असती की पोरीनं फसवलं, तर सगळं निभावलं असतं. दीर ऐकायला तयार होता, नवराही झाला असता. माझ्यासारखीच्या नावावर चूक टाकणं त्या गावात अवघड नव्हतं. तिनं टाकली नाही. मला तिचा आदर वाटला आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी.

त्यानंतरचे चार दिवस आम्ही नांगे भरले. जिथं उगवलं नाही तिथं खुरप्यानं टोचून पुन्हा दाणे टाकायचे, याला नांगे भरणं म्हणतात. उरलेल्या बियाण्यातून चांगले दाणे निवडायला काकू आणि मी ओट्यावर बसलो. या कामात मात्र माझा हात तिच्या हाताच्या पुढे होता. "कुठं शिकलीस गं?" तिनं विचारलं. मी आईचं काम सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं. विचारलं की 'आई घरीच असते' असं म्हणायचे. काकूनं ऐकून घेतलं आणि आपल्या सुपातलेही दाणे माझ्या सुपात ओतले. बाकीच्या चौघी मैत्रिणी रानात वाकून दाणे टोचत होत्या. तिसऱ्या दिवशी दीर काही न बोलता खुरपं घेऊन आला आणि पलीकडच्या तासाला बसला.

पण उशीर झाला होता. मागून उगवलेली रोपं आधीच्यांच्या सावलीत सापडली आणि शेवटपर्यंत लहानच राहिली. त्यांना शेंगा धरल्या त्याही एका-दोन दाण्यांच्या.

माझ्या नोंदवहीत मी सगळं होतं तसं लिहिलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला. "एवढं लिहायची गरज नव्हती," ते म्हणाले. "बाहेरचे परीक्षक बघतात." मी म्हणाले, "सर, बघू देत." त्यांनी थोडा वेळ पेन हातात धरलं आणि मग सही केली. त्या विषयात पुढे माझे गुण वर्गात सगळ्यात कमी आले. 'पुस्तकी शेतकरीण' म्हणणाऱ्या पोरांनी या वेळी काही म्हटलं नाही, ते जास्त लागलं.

सोंगणी होऊन माल घरात आला तेव्हा काकूचा नवरा सुटी घेऊन आला होता. ओट्यावर पोती लावलेली होती, दिराच्या पोत्यांपेक्षा कितीतरी कमी. त्याचं आणि भावाचं रान शेजारी शेजारी, एकाच मातीचं. वेगळं काही सांगायची गरज नव्हती. तो ओरडला नाही. भाकरी खाऊन झाल्यावर हात धुता धुता म्हणाला, "पुढच्या साली त्यालाच बघू दे." काकूनं "बरं" म्हटलं आणि ताट उचललं. मग तिनं माझा अर्ज मागितला, ओट्यावर नीट मांडी घालून बसली, आणि 'यजमान शेतकरी' असं छापलेल्या ओळीसमोर सावकाश, एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं. "पुढल्या साली हे लिहिता आलं नसतं," ती म्हणाली. मी तिच्या पाया पडले. एरवी मी कुणाच्या पाया पडत नाही.

पदवी हातात आली. मी त्याच विद्यापीठात पुढच्या शिक्षणाला लागले. काकूचा फोन मधूनमधून यायचा, खुशालीपुरता. तिचं रान परत दिराकडे गेलं होतं. ती त्यातच रोजच्यासारखी खुरपायला जायची, फक्त कधी काय पेरायचं हे आता तिला कुणी विचारत नव्हतं.

त्यानंतरच्या जूनमध्ये एका सकाळी तिचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"पोरी, भावजींनी औंदा दुकानातल्या पिशव्या आणल्यात. आणताना ट्रॅक्टरवरनं दाणदाण खाली फेकल्या. मी त्यातली एक मूठ काढून ठिवली व्हती."

सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं, पोती आपटली की आतला कोंब मोडतो. हे तिला मी सांगितलेलं नव्हतं, ती मला सांगत होती.

"मागल्या आठवड्यात ओल्या गोणपाटात घातलं. कुणाला बोलले नाय. आत्ता उघडलं. शंभरात अठ्ठेचाळीस." ती थांबली. "डोळे मिटून काढले व्हते."

"मग पेरू नका, काकू. अजिबात नको."

"ते तर पेरायला निघालेत. पेरणी यंत्र लावलंय."

मी म्हणाले, "फोन त्यांच्याकडे द्या. मी बोलते, समजावून सांगते." मी तेव्हा पदवीधर होते, माझ्याकडे शब्द होते, कारणं होती.

"नगं," ती म्हणाली. "तू फोन चालू ठिव फकस्त."

तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला, मग ट्रॅक्टरचा आवाज जवळ आला, इतका की तिला ओरडूनच बोलावं लागलं.

"भावजी, ती पिशवी उतरवा. हे बी पेरायचं नाय."

"कामून?"

"उगवत नाय ते. निम्मं बी उगवत नाय."

"कोण म्हणतं? ती मॅडम म्हणते?"

तिनं माझं नाव घेतलं असतं तर मला चाललं असतं. खरं तर घ्यावं असंच वाटत होतं.

"मी म्हणते," काकू म्हणाली.

थोड्या वेळानं ट्रॅक्टरचं इंजिन बंद झालेलं मला ऐकू आलं.